विजेच्या वाटेवरील नाके

वाशीमहून हिंगोलीकडे येतांना पैनगंगेच्या खोऱ्यांत कनेरगाव नाका हें गांव लागतें. वाशीम जिल्हा १९९८ सालीं झाला, हिंगोली जिल्हा १९९९ सालीं. आज ते दोन शेजारी आहेत आणि एकाचा माणूस दुसऱ्यांत कधीं गेला तें त्याचें त्यालाही कळत नाहीं. पण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत या दोन शहरांच्या मध्यें राज्याची सीमा होती. हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, वाशीम वऱ्हाडांत. संस्थानचें जकातीचें खातें निराळें होतें. त्याला करोडगिरी म्हणत. माल घेऊन सीमेवर आलेल्या गाडीला नाक्यावर थांबणें भाग असे. पुढें १९५६ सालीं मराठवाडा आणि वऱ्हाड हे दोन्ही प्रदेश मुंबई राज्यांत आले, आणि नाका उरला तो गांवाच्या नांवांत.

नाक्यावर अडलेल्या गाडीविषयीं एक साधी गोष्ट कोणत्याही गाडीवानास ठाऊक असे. गाडी नाक्यावर अडली असेल तर बैल बदलून उपयोग नसतो. ती कोठें अडली, कशासाठीं अडली, हें आधीं विचारावें लागतें. आजच्या मोटारसायकलींत वीज ज्या वाटेनें जाते त्या वाटेवरही असेच नाके असतात. आणि गाडी चालू होत नाहीं अशी तक्रार आली कीं दहांतील बरीच माणसें नाका न शोधतां बैल बदलतात, म्हणजे बॅटरी बदलतात.

या गांवांतील एका शाळामास्तराचें घर डोळ्यांपुढें आणावें. मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला आहे. मास्तरांच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे आणि हिंगोलीच्या डॉक्टरांनीं सकाळीं आठची वेळ दिली आहे. म्हातारी नऊवारी नेसून, डोक्याला पदर बांधून ओट्यावर येऊन बसली आहे. मास्तर चावी फिरवितात. हिरवा दिवा स्वच्छ लागतो. भोंगा खणखणीत वाजतो. मग ते उजव्या मुठीजवळचें बटण दाबतात. आंतून ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि पुढें कांहीं होत नाहीं. पुन्हां बटण, पुन्हां ‘टक्’. या गाडीला पायानें मारावयाची किक नाहीं. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नवे नियम आले, त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांना ती देण्याचें कारखान्यांनीं सोडलें आहे. शेवटीं गल्लींतील चार पोरें गाडी ढकलतात, मास्तर दुसरा गिअर टाकून क्लच सोडतात, आणि इंजिन धडधडूं लागतें. पण वाटेंत गाडी बंद पडली तर म्हातारीला घेऊन काय करावें? म्हणून ते गाडी बंद करून काळीपिवळीची वाट पहात बसतात. डॉक्टरांची वेळ टळते, आणि शस्त्रक्रियेची तारीख महिनाभर पुढें जाते.

मोडक्या गाडीची किंमत अशी असते. ती मिस्त्रीच्या बिलांत लिहिलेली नसते.

संध्याकाळीं मास्तर गाडी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेतात. मिस्त्री बटण दाबून पाहतो.

“गुरुजी, बॅटरी बसली. नवी टाका.”

“दिवाळींतच टाकली होती, मिस्त्री. त्याच्या आधींची वर्षभर सुद्धां टिकली नाहीं.”

“मग सेल्फच गेला असंल.”

मिस्त्रीला दोष देणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. त्याच्या दारांत दहा गाड्या उभ्या असतात, प्रत्येकाला ती अर्ध्या तासांत हवी असते, आणि शोध घेण्याची मजुरी कोणी देत नाहीं. बदललेल्या वस्तूची मात्र निमूट देतात. अशा व्यवहारांत वस्तूच बदलल्या जाणार. सेल्फ म्हणजे इंजिन फिरविणारी विजेची मोटर. मोटारगाडीला ती प्रथम १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक कंपनीनें बसविली; चार्ल्स केटरिंग या इंजिनियराचें तें काम. तोंपर्यंत हातानें दांडा फिरवावा लागे आणि दांड्याच्या उलट्या फटक्यानें मनगट मोडण्याचे प्रसंग येत. मोटारसायकलीला ही सोय पुष्कळ उशिरां मिळाली. म्हैसूरच्या कारखान्यांतून आलेल्या जावा आणि येझदी ज्यांनीं वापरल्या त्यांना सेल्फ हा शब्द गाडीच्या संबंधांत ऐकण्याचें कारणच नव्हतें. बॅटरी मेली तरी पायाचा जोर शाबूत होता. आतां पाय निवृत्त झाला आहे. पेट्रोल इंजिनांत सोडणारा पंपही विजेवर चालतो. म्हणून विजेची वाट ओळखणें ही आतां हौस राहिलेली नाहीं.

ही वाट एक नसून दोन आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. एक पाऊलवाट आणि एक गाडीवाट.

पाऊलवाटेनें थोडी वीज जाते, अवघी दोनचार अँपिअर. ती बॅटरींतून निघते, फ्यूजमधून जाते, चावीच्या कुलपांतून जाते, इंजिन बंद करण्याचें जें लाल बटण मुठीवर असतें त्यांतून जाते. कित्येक गाड्यांत क्लचच्या दांडीखालचा आणि बाजूच्या स्टँडजवळचा असे आणखी दोन लहान स्विच तिला ओलांडावे लागतात. मग सेल्फचें बटण, आणि त्यानंतर रिले. हे सर्व नाके. यांपैकीं एकही बंद असला तर वीज तेथेंच थांबते आणि गाडी अगदीं गप्प राहते. लाल बटण चुकून दाबलेलें राहिलें आणि गाडी टेंपोंत घालून शहरांत नेली, असें अनेकदां घडतें. सांगणारा तें हळू आवाजांत सांगतो.

रिले म्हणजे घरांतील विजेच्या घंटेचा चुलत भाऊ. घंटेंत तारेच्या वेटोळ्यांतून वीज गेली कीं त्याचें लोहचुंबक बनतें आणि तें हातोडीला ओढतें. रिलेंत तें एका जाड पट्टीला ओढतें. पट्टी चिकटली कीं ‘टक्’ आवाज होतो आणि गाडीवाट मोकळी होते. या दुसऱ्या वाटेनें बॅटरींतील वीज जाड केबलमधून सेल्फच्या मोटरींत जाते. शंभर-दीडशे सीसीच्या गाडींत हा प्रवाह अजमासें तीस ते साठ अँपिअर असतो, सुरुवातीच्या क्षणीं त्याहूनही अधिक. मोटरींतून ती इंजिनाच्या धातूच्या अंगांत उतरते, आणि तेथून दुसऱ्या जाड केबलनें बॅटरीच्या ऋण टोकाला परत येते. तिला मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. ही परतीची वाट बहुतेक लोक विसरतात, कारण ती टाकीखालीं आणि चिखलांत दडलेली असते.

एवढें कळलें म्हणजे गाडीचा आवाजच बरेंचसें सांगून जातो. बटण दाबल्यावर कांहींच आवाज नसेल तर दोष पाऊलवाटेवर आहे. फ्यूज, चावी, लाल बटण, क्लचचा स्विच या क्रमानें पहावें. ‘टकटकटकटक’ असा घाईघाईचा आवाज येत असेल तर रिले पट्टी ओढतो आहे, पण मोठा प्रवाह सुटतांच बॅटरीचा दाब इतका खालीं येतो कीं चुंबक पट्टी धरून ठेवूं शकत नाहीं. ती सुटते, दाब पुन्हां वर येतो, पुन्हां ओढते. येथें बॅटरी उतरलेली असणें किंवा तिच्या टोकाचा जोड सैल असणें संभवतें. मोटर घूंऽ करून फिरते पण इंजिन फिरत नाहीं, असें झालें तर विजेची तपासणी सोडून द्यावी. मोटर आणि इंजिन यांना जोडणारा एकमार्गी क्लच घसरत आहे. आणि ‘टक्’ असा एकच आवाज येऊन शांतता पसरली, जसें मास्तरांच्या गाडीचें झालें, तर पाऊलवाट सारी मोकळी आहे आणि अडथळा गाडीवाटेवर कोठें तरी आहे.

अशा वेळीं हिरव्या दिव्याकडे डोळे ठेवून बटण दाबावें. दिवा विझल्यागत मंद झाला तर मोठा प्रवाह वहात आहे आणि बॅटरीला तो पेलत नाहीं, किंवा मोटर जाम झाली आहे. दिवा होता तसाच तेजाळ राहिला तर मोठा प्रवाह वहातच नाहीं किंवा फार थोडा वाहतो आहे. त्याला कोठें तरी अडविलें जात आहे. मास्तरांचा दिवा तसाच राहिला. म्हणजे दिवा लागतो, भोंगा वाजतो, आणि तरीही सेल्फ लागत नाहीं. या ठिकाणीं शहाणीं माणसें गोंधळतात. दिवा लागतो अर्थीं वीज आहे, मग मोटर कां फिरूं नये?

मास्तर नववीच्या वर्गाला ओहमचा नियम शिकवितात. जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यानें तो १८२७ सालीं पुस्तकांत मांडला: तारेंतील प्रवाहाला तिच्या रोधानें गुणलें म्हणजे त्या तारेंत खर्च होणारा दाब निघतो. फळ्यावर हें गणित मुलांना नीरस वाटतें. पण एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध ओहमाचा केवळ विसावा हिस्सा धरला तर काय होतें पहा. हिरवा दिवा पाव अँपिअर घेतो. त्या जोडांत व्होल्टचा ऐंशीवा हिस्सा जातो, दिव्याला पत्ताही लागत नाहीं. भोंगा दोन अँपिअर घेतो. व्होल्टचा दहावा हिस्सा जातो, आवाज तसाच. सेल्फ पन्नास अँपिअर मागतो. त्याच जोडांत अडीच व्होल्ट गिळले जातात. गंज चौपट वाढला तर पन्नास अँपिअर वहाण्याचा प्रश्नच उरत नाहीं. औंढा नागनाथाच्या देवळांत एरवीं एकटा माणूस दारांतून सहज आंत जातो. महाशिवरात्रीच्या दिवशीं तेंच दार अपुरें पडतें. दार लहान झालेलें नसतें. दिवा हा त्या एकट्या माणसासारखा आहे. त्याच्या साक्षीवर यात्रेचा अंदाज बांधूं नये.

दुसऱ्या दिवशीं मास्तर शाळेच्या प्रयोगशाळेंतील मल्टिमीटर घेऊन मिस्त्रीकडे गेले. सध्यां तो चारपांचशे रुपयांत मिळतो आणि प्रत्येक गाडीवाल्या घरांत असण्यासारखा आहे. सुईचा असो वा आंकड्यांचा, काम तेंच. प्रथम दोघांनीं बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावला: १२.६ व्होल्ट. शिशाच्या बॅटरींत सहा घरें असतात, प्रत्येक घर सुमारें २.१ व्होल्टचें, तेव्हां विश्रांतींतील चांगल्या बॅटरीनें १२.६ ते १२.८ दाखवावें. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मिस्त्री म्हणाला, “ही तर भरलेली हाये.” आणि मग त्यानें जें विचारलें तें कौतुकास्पद होतें: “पण वजन उचलतांना किती दाखवती?” हाच खरा प्रश्न. निजलेल्या माणसाची नाडी पाहून तो पोतें उचलील कीं नाहीं हें ठरत नाहीं. मीटर तसाच ठेवून मास्तरांनीं बटण दाबलें. आंकडा ११.६ वर आला आणि तेथेंच राहिला. तो ९.६ च्या खालीं घसरला असता तर बॅटरी गुन्हेगार ठरली असती. ती निर्दोष सुटली.

आतां वीज कोठें अडते? मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर ठेवलें, दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि बटण दाबलें. या दोन ठिकाणीं वस्तुतः एकच जाड केबल आहे. तेथें फरक अर्ध्या व्होल्टहून कमी असला पाहिजे. मीटरनें पांच व्होल्ट दाखविले! सेल्फच्या मोटरीला बाराऐवजीं जेमतेम साडेसहा व्होल्ट मिळत होते. तिनें इंजिन फिरवावें कसें? दिवे, पंप आणि भोंगा यांची परतीची बारीक तार निराळी, थेट बॅटरीला जोडलेली होती. म्हणून तीं सर्व मंडळी सुखांत होतीं, आणि ढकलल्यावर इंजिनही चालू झालें होतें. ढकलून गाडी चालू झाली, हाच एक पुरावा पहिल्या सकाळीं समोर आला होता: ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, दोष फक्त फिरविण्यांत.

मिस्त्रीनें पान्हा घेतला. केबलच्या टोकाची कडी इंजिनावर ज्या बोल्टनें आवळलेली होती तो बोटानें फिरला. कडीखालीं तपकिरी गंज, आणि त्याखालीं रंगाचा पापुद्रा. बॅटरीची ऋण तार आधीं सोडून, कडी पॉलिश पेपरनें घासून, धातू चकाकूं लागल्यावर ती पुन्हां आवळली आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला. मीटर आतां व्होल्टचा पांचवा हिस्सा दाखवूं लागला. बटण दाबतांच इंजिन पहिल्या फेऱ्यांत लागलें. चालू गाडींत बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट मिळाले. साडेतेरा ते साडेचौदा या मर्यादेंत, म्हणजे बॅटरी भरणारें यंत्रही ठीक.

मग दिवाळींत बॅटरी बदलल्यावर गाडी सहा महिने कां चालली? याचें उत्तर मोठें शिकविणारें आहे. बॅटरी काढतां घालतांना केबल ओढली गेली, कडी बोल्टखालीं थोडी फिरली आणि गंजांतून धातूला धातू टेकला. कोरड्या हवेंत तें टिकलें. पहिल्या पावसानें पुन्हां ओल शिरली. आजार केबलला होता, औषध बॅटरीला दिलें, आणि केबल हालल्यामुळें आराम पडला. श्रेय मात्र बॅटरीनें घेतलें. वैद्यकांतही असे गुण आलेले उपाय असतात, आणि ते मोडून काढणें फार कठीण जातें.

बॅटरी कधींच दोषी नसते असें मात्र नव्हे. लहान गाड्यांची बॅटरी अवघी तीन ते पांच अँपिअर-तासांची असते. गाडी महिना-दीड महिना उभी राहिली तर ती आपोआप उतरते, आणि उतरलेल्या स्थितींत पडून राहिली कीं पत्र्यांवर गंधकाम्लाच्या क्षाराचा कठीण थर धरतो. मग ती भरल्यासारखी दिसते, पण वजन उचलतांना कोसळते. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवट फुलोरा आला असेल तर कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावा, आणि धुतल्यावर कोरडें करून आवळावें. खेड्यांत आणखी एक गुन्हेगार आहे, उंदीर. हळदीच्या नाहीं तर सोयाबीनच्या पोत्यांजवळ गाडी उभी असली तर तारेवरचें वेष्टण कुरतडलेलें सांपडतें. आणि तें नेमकें टाकीखालीं, जेथें नजर जात नाहीं.

सेल्फ इंजिन जोमानें फिरवितो पण इंजिन पकडत नाहीं, ही तक्रार निराळी आणि तिची वाट ठिणगीची. तेथें प्लग काढून पहावा. काळा ओला असेल तर पेट्रोल येतें पण जळत नाहीं. प्लगच्या दोन टोकांतील फटही पहावी. मग प्लगची टोपी, मग कॉइल, मग कॉइलला आज्ञा देणारी पेटी. जुन्या गाड्यांत या पेटीच्या जागीं पॉइंट असत आणि ते घासून रात्रींत गाडी चालू करणारे मिस्त्री गांवोगांव होते. ठिणगी पाहण्यासाठीं प्लग इंजिनाला टेकवून बटण दाबतात. तेव्हां प्लगच्या भोकापासून तो दूर धरावा आणि हात कोरडे, रबराच्या मोज्यांत असावेत. भोकांतून पेट्रोलची वाफ येत असते, आणि कॉइलचा दाब कित्येक हजार व्होल्टचा असतो.

दोन खोडी तर सर्वस्वीं सोडून द्याव्यात. रिलेच्या दोन जाड टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून सेल्फ फिरविणें ही एक. ठिणग्या उडतात, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असूं शकतो. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागीं तांब्याची तार गुंडाळणें ही दुसरी. फ्यूज हा एकच नाका असा आहे कीं ज्यानें गाडी अडवली तर त्याचे आभार मानावे.

मास्तरांच्या आईची नवी तारीख आली तेव्हां गाडी दारांत तयार होती. म्हातारी मागें बसली, आणि पोरांना गाडी ढकलण्याची संधी न मिळाल्यानें तीं थोडीं हिरमुसलीं. त्यापूर्वींच एका रविवारीं मास्तरांनीं माळ्यावरची जुनी बॅटरी खालीं काढली होती, दिवाळींत मेली म्हणून बाजूला ठेवलेली. सात महिने ती तशीच पडली होती. मिस्त्रीनें ती दोन दिवस मंद प्रवाहावर भरली, एक रात्र तशीच ठेवली आणि मग मीटर लावला. १२.७ व्होल्ट. गाडीला जोडून सेल्फ मारला, तर आंकडा दहाच्या खालीं आला नाहीं.

“गुरुजी, ही तर चांगली हाये,” मिस्त्री म्हणाला, आणि ती त्यानें आपल्या दुकानांत, दारांत येणाऱ्या गाड्या तपासण्यासाठीं, ठेवून घेतली.